डब्यावरची टिचकी

शिक्षकाची सनद घेऊन मी अमरावतीच्या एका शाळेत नुकताच लागलो होतो, तेव्हाची गोष्ट. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. नागपूरहून परिपत्रकं यायची आणि आमचे हेडमास्तर ती दोन्ही हातांत धरून आरतीच्या तबकासारखी वर्गावर्गांतून फिरवायचे. मी तेवीस वर्षांचा, अविवाहित, आणि माझ्याजवळ काळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. तिच्यावर मी ठसठशीत अक्षरांत 'बालकांचे सांघिक खेळ' असं लिहिलं होतं. आत सत्तावीस खेळ. प्रत्येकाचा हेतू, लागणारं साहित्य आणि शेवटी 'झालेला परिणाम' असा रकाना. परिणामांचा रकाना मी एकही खेळ खेळवायच्या आधीच भरून टाकला होता. अक्षर एकसारखं यावं म्हणून.

उन्हाळ्याच्या सुटीत ती वही घेऊन मी अकोल्याला ताईकडे गेलो. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. भाऊजी कोर्टात कारकून. त्यांची थोरली मुलगी नऊ वर्षांची. ही माझी भाची चारचौघींसारखी नव्हती. डोळ्याला डोळा द्यायची नाही. हाक मारली तर वळायची नाही, पण तिसऱ्या घरात कोणी बरणीचं झाकण काढलं तर कुठलं लोणचं ते हिला इथं कळायचं. वाट्या लहानमोठ्या अशा ओळीनं मांडायची, आणि कोणी एक जरी सरकवली तरी कानांवर हात ठेवून रडत बसायची. बोलायची, पण बहुतेक वेळा आपण जे बोललो तेच परत, आपल्याच हेलात.

परवा माझ्या नातसुनेनं मला सांगितलं, की अशा मुलांना आता स्वमग्न म्हणतात. त्यांच्यासाठी वेगळे वर्ग असतात, आणि चार मुलांत कसं मिसळायचं हे त्यांना खेळांतून शिकवतात. तेव्हा आमच्याकडे या स्वभावाला एकच शब्द होता. तो ताईच्या सासूबाई मुलीच्या देखतच वापरायच्या, म्हणून मी तो इथं लिहीत नाही. पाहुणे आले की त्या म्हणत, "तिले कोठीत बसव." मग ती धान्याच्या कोठीत जाऊन बसायची. तक्रार नाही. ज्वारीचे दाणे ओळीत लावायला तिला तिथं भरपूर मिळायचे.

ते पाहून मी ताईला म्हणालो, "दिवाळीपर्यंत हिला माझ्याकडे दे. चुरूचुरू बोलती करून आणून देतो." आणि वही उघडून दाखवली.

ताईनं वही पाहिलीच नाही. दोन महिने विचार केला, सासूबाईंना काय पटवायचं ते पटवलं आणि मला बोलावून घेतलं. स्टेशनावर मुलीचा हात माझ्या हातात देताना म्हणाली, "हे पाह्य, चुरूचुरू बोलती-फिलती नको करू. संध्याकाळी गल्लीतल्या पोट्ट्या खेळायले निघाल्या, की एकेकीच्या दारात उभ्या राह्यतात आन् 'चाल वं' म्हणून हाक मारतात. आमच्या दारावरून तशाच पुढं जातात. हिले कोनीतरी एकदा तशी हाक मारली पाह्यजे. मले तेवढंच पाह्यजे."

"एवढंच?" मी म्हणालो. माझ्या वहीत ते खेळ क्रमांक चारलाच होऊन जात होतं.

अमरावतीला जायला बडनेऱ्यात गाडी बदलावी लागे. गाडीत मी भाचीला नीट समजावलं, "बडनेरा आलं, की उतरायचं." आणि झोपलो. जाग आली तेव्हा गाडी फलाटावर उभी होती आणि समोरचं बाक रिकामं. मी उघड्या पायांनीच उडी मारली. ती फलाटावर पाटीखाली शांत उभी होती. मी ओरडलो, "मला उठवलं का नाहीस?"

"बडनेरा आलं की उतरायचं," ती म्हणाली. माझ्याच आवाजात.

मामाला उठवायचं असं मामा बोललाच नव्हता. तिथंच मला सगळं कळायला हवं होतं. पण माझे जोडे गाडीत राहिले होते, आणि मी त्यांच्या मागे धावलो.

अमरावतीला मी एका माळ्याच्या घरी दोन खोल्या घेऊन राहत होतो. परकोटाबाहेर त्यांचा मळा. वांगी, मेथी, सांबार, म्हणजे पुण्याकडच्यांची कोथिंबीर, आणि एका अंगाला झेंडू आणि शेवंती. घरधनी दिवसभर मळ्यात असायचा. घर चालवायची त्याची बायको. तिला मी मावशी म्हणायचो. भाचीच्या जेवणाखाण्याचं, वेणीफणीचं तिनं एका वाक्यात मिटवलं, "राहू द्या मास्तर, तुमी तुमचीच शेंडी बांधा."

पहिल्याच आठवड्यात मी भाचीला म्हणालो, "चुलीवर दूध आहे, जरा लक्ष ठेव." परत आलो तर खोलीभर करपट वास आणि ती चुलीपुढे अगदी मन लावून बसलेली. मला पाहून म्हणाली, "दूध वर आलं. मग बाहेर आलं. मग चुलीत गेलं." लक्ष तिनं खरंच ठेवलं होतं. माझ्या शाळेतल्या एकाही पोरानं माझं सांगणं इतकं तंतोतंत कधी ऐकलं नाही.

मग मी वही काढली. संध्याकाळी गल्लीतल्या आठनऊ मुलींना निंबाखाली जमवलं. त्यांची पुढारी होती पलीकडच्या भटजींची मुलगी, वय अकरा, दोन वेण्या, आणि कमरेवरचे हात सहसा खाली न येणारे. खेळ क्रमांक एक, चेंडू फेकायचा आणि जिच्याकडे फेकला तिचं नाव घ्यायचं. चेंडू भाचीकडे गेला. तिला त्याची शिवण आवडली. ती शिवणीवरून बोट फिरवत बसली आणि खेळ संपला. दुसऱ्या दिवशी खेळ क्रमांक चार, हात धरून गोल फिरायचं. तिला कोणी धरलेलं चालत नाही हे मला माहीत होतं. पण वहीत 'अपेक्षित परिणाम: स्पर्शाची भीती जाते' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं. मी तिचा हात दोघींच्या हातांत बळंच दिला. ती किंचाळली, खाली बसली, कानांवर हात ठेवले आणि बसल्या जागी डुलायला लागली. मुली घाबरून पाच पावलं मागे गेल्या.

भटजींची मुलगी तेवढी जागची हलली नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "मास्तर, तुमाले खेळताच येत नाही."

"हे शास्त्रीय खेळ आहेत," मी म्हणालो.

"असतील. पन मजा कोनाले येऊन राह्यली?"

या प्रश्नाचा रकाना माझ्या वहीत नव्हता.

मावशी हे सगळं ओट्यावरून पाहत होती. दुसऱ्या दिवशी तिनं मला काही विचारलं नाही. ओट्यावर मेथीचा ढीग टाकला, बांधायला भिजवलेल्या सुतळीचे तुकडे ठेवले आणि गल्लीत आवाज दिला, "पोट्ट्याहो, जुड्या बांधाले या वं! एकेकीले गजरा देईन." मुली आल्या, ढिगाभोवती बसल्या, गप्पा मारत जुड्या बांधू लागल्या. भाची दाराआडून पाहत होती. तिला कोणी ये म्हटलं नाही, कोणी तिच्याकडे पाहिलंही नाही. थोड्या वेळानं ती येऊन टोकाला बसली. तिची प्रत्येक जुडी सारखी, काड्यांची बुडं एका रेषेत. भटजींच्या मुलीनं एक उचलून पाहिली आणि आपली वेडीवाकडी जुडी मांडीखाली सरकवली.

चार दिवसांनी भाची टोकावरून मधे सरकली होती. हात धरायची गरज कोणालाच पडली नव्हती. मी मात्र वहीत लिहून ठेवलं, 'खेळ क्रमांक चारचा परिणाम उशिरा दिसू लागला.'

भादव्याची पुनव आली आणि घरोघरी भुलाबाई बसल्या. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मातीची भुलाबाई आणि तिचा भुलोजी कोनाड्यात मांडतात आणि कोजागरीपर्यंत महिनाभर मुली रोज दिवेलागणीला घरोघर जाऊन टिपऱ्यांच्या ठेक्यावर तिची गाणी म्हणतात. गाणी झाली, की खरी गंमत. घरची बाई झाकणाच्या डब्यात खाऊ लपवून आणते आणि तो वाजवून दाखवते. मुलींनी आवाजावरून ओळखायचं, आत काय. खडखड वाजलं तर फुटाणे, धप्प वाजलं तर लाडू. तिखट की गोड, ओलं की कोरडं, असं विचारत विचारत जायचं. मुलींनी हार मानली, की बाईची कॉलर ताठ. म्हणजे तिच्या चोळीला कॉलर नसली तरी ताठच. मग डबा उघडतो आणि सगळ्यांना मूठमूठ मिळतं.

जुड्या बांधून भाचीची ओळख झालीच होती. मावशीनं तिला मुलींच्या घोळक्यात सोडलं. पहिलं घर वकिलांचं. वकीलीणबाईंनी डबा अजून वाजवलाही नव्हता, गाणं चालू होतं, तोच मागून आवाज आला, "शेव. ओवा घातला."

शेवच होती. ओवाही होता. मुलींनी टाळ्या पिटल्या. दुसऱ्या घरी, "करंजी. खोबरं जुनं." हेही खरं निघालं, आणि त्या घरच्या बाईंचा चेहरा पडला. तिसऱ्या घरी, चौथ्या घरी तेच. दोन दिवस मुलींना कौतुक वाटलं. तिसऱ्या दिवशी बायका दारातच म्हणू लागल्या, "तिला आणलं असेल तर गाणी म्हणा आणि घ्या खाऊ, ओळखायचं कशाला!" लपवायचंच काही उरलं नाही. चौथ्या दिवशी भटजींची मुलगी ओट्यापाशी आली. भाची आत टिपऱ्या घेऊन तयार होती. मुलगी मला हळू म्हणाली, "मास्तर, आजपासून तिले नाही नेत. ते पोट्टी वाईट नाही, पन सगळं सांगूनच टाकते. खेळच राह्यत नाही."

त्या संध्याकाळी घोळका आमच्या दारावरून पुढे गेला. भाची टिपऱ्या मांडीवर घेऊन गाणी ऐकत बसली. रडली नाही. जाणारा आवाज ज्या बाजूला गेला त्या बाजूला तिची मान तेवढी वळत गेली. अकोल्याच्या दारासारखंच हे दारही झालं होतं, आणि ते करायला मला सव्वा महिना लागला होता.

आता माझी बुद्धी पाहा. मी मनाशी म्हणालो, हिला ओळखू नको असं सांगता येणार नाही, पण बोलू नको असं तर सांगता येईल. ही माझा शब्द तंतोतंत पाळते! पितृपक्षाचे उरलेले दिवस आणि पुढचे नवरात्राचे, मी रोज शाळेतून आलो की तिला समोर बसवायचो. पितळेचा एक डबा, आत मावशीकडून घेतलेलं काहीतरी. मी डबा वाजवायचा आणि तिनं तोंड मिटून बसायचं. मग मी झाकणावर बोटानं टिचकी मारायची, टण्ण, आणि मगच तिनं बोलायचं. इतके दिवस हे डब्यापुरतंच चालायचं. दसऱ्याच्या सकाळी मी त्याचा नियमच शब्दांत बसवून दिला, "मामानं डब्यावर टिचकी मारली, की बोलायचं. टिचकी नाही, तर बोलणं नाही." तिनंही तो माझ्या हेलात पाठ म्हणून दाखवला. मनात असं, की लोकांच्या घरी ती गप्प राहील, आणि घरी आली की मी टिचकी मारीन, मग तिनं मला काय ते सांगावं.

दसऱ्याला सोनं द्यायला भटजींची मुलगी आली, तेव्हा मी तिला प्रयोगच करून दाखवला. म्हणालो, "मी टिचकी मारल्याशिवाय ती चकार शब्द काढणार नाही. माझा शब्द आहे." ती कमरेवर हात ठेवून दोनदा टिचकी ऐकून गेली आणि म्हणाली, "बरं. उद्या पाहू."

त्याच दिवशी मला वर्दी मिळाली. अकोल्याला मास्तरांचा मेळावा होता, आणि डिप्टीसाहेबांनी म्हणजे शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी मला तिथं बोलायला पाठवायचं ठरवलं होतं. विषय, 'अबोल बालकांना सांघिक खेळांतून बोलते करणे'. मी वही काखोटीला मारली आणि सकाळच्या गाडीनं गेलो. टिचकीचं मावशीला सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. डोक्यात भाषण होतं.

अकोल्यात मी झकास बोललो. हेडमास्तरांनी माना डोलावल्या. एक जण डोलता डोलता झोपले. तीन दिवस मी ताईच्या घरी राहिलो. रोज जेवताना माझी पद्धत समजावून सांगत होतो आणि भाकरीवर भाकरी खात होतो. सासूबाईंनीसुद्धा विचारलं, "खरंच मिसळते काय चारजनीत?" मी म्हणालो, "येऊन पाहाच." सासूबाई नाही आल्या, पण ताईनं दोन लुगडी बोचक्यात बांधली. "कोजागरीले मी येतो तुझ्यासंग," ती म्हणाली. गाडीत बसल्यावर ती खिडकीतून बाहेर पाहत होती. मधेच म्हणाली, "हाक मारतात काय रे तिले? दारातून?"

"आता काय, रोज," मी म्हणालो. भटजींच्या मुलीच्या 'उद्या पाहू' एवढ्यावरून मी रोजचा हिशेब लावला.

दुपारी आम्ही घरी पोचलो, तर मावशी दारातच उभी. "आले काय मास्तर! काय करून ठेवलं त्या पोरीले? तीन दिवस झाले, तोंडातून शब्द नाही. पानी मांगत नाही, जेवन मांगत नाही. पितळेचा डबा घेते अन् माह्या पुढं येऊन उभी राह्यते. डबा भाजीनं भरून दिला, भाकर दिली, गूळ दिला. खाते, अन् घासून परत डबा पुढं करते! बाहेरचं काही लागलं काय वं माय, म्हणून मी मीठमिरची ओवाळून टाकली."

ताईच्या हातातलं बोचकं खाली सुटलं.

भाची आतून आली. आईला पाहून थबकली, पण आईकडे गेली नाही. सरळ माझ्यापुढे आली, पितळेचा रिकामा डबा माझ्या पायाशी ठेवला आणि माझ्या हाताकडे पाहत उभी राहिली. चेहऱ्याकडे नाही. हाताकडे.

इथं कोणालाही कळलं असतं. मी काय केलं? अकोल्याहून आणलेले पेढे डब्यात भरले. तिनं पेढे एका ताटलीत काढून ओळीत मांडले आणि रिकामा डबा परत माझ्या पायाशी ठेवला. मग मी "बोल बाळा, बोल" करत बसलो, रागावून पाहिलं, लाडीगोडी लावली, वहीतला खेळ क्रमांक अकरा काढला. तिनं एकदा तोंड उघडलं आणि हातानं आपलंच तोंड दाबून धरलं. ते पाहिलं आणि ताई भिंतीला टेकून खाली बसली.

"पहिले निदान आपलं बोललेलं परत तरी बोलत होती," ती म्हणाली. "तेही गेलं. मीच दिली रे तुझ्या हाती."

मला आयुष्यात पुष्कळांनी शिव्या दिल्या आहेत. त्यांतली एकही आता आठवत नाही. हे वाक्य आठवतं, कारण त्यात मला एकही शिवी नव्हती.

तेवढ्यात भटजींची मुलगी परडी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी कोजागरी. भुलाबाईला झेंडू हवे होते. तिनं ताईकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं आणि विचारलं, "कावून रडून राह्यले सगळे?"

"पोरगी मुकी झाली वं," मावशी म्हणाली.

"घरी पन बोलत नाही काय?" तिनं डोळे मोठे केले. "मले वाटलं, आमच्याच संग गप राह्यते. तीन दिवस आमी नेलं तिले. मास्तरनं शब्द देल्ता, म्हणून नेलं." मग तिचं लक्ष माझ्या पायाशी ठेवलेल्या डब्याकडे गेलं, आणि हात कमरेवर चढले. "मास्तर! तुमीच तर सांगतलं होतं तिले. टिचकी नाही, तर बोलनं नाही. ते तुमची वाट पाहून राह्यली ना!"

मी खाली वाकलो. डबा उचलला. बोट झाकणावर नीट पडेना. दुसऱ्यांदा पडलं. टण्ण.

भाचीनं मोठा श्वास घेतला आणि सुरू झाली. "पहिल्या दिवशी वकिलाच्या घरी चिवडा, लसूण जास्त. डॉक्टरच्या घरी मुरमुऱ्याचे लाडू. भटजीच्या घरी भिजलेली डाळ. दुसऱ्या दिवशी जांब, चार पिकले, बाकी कच्चे. मग तिळाच्या वड्या. मग शिंगाडे. मावशीच्या भाजीत मीठ नव्हतं. विहिरीच्या रहाटाचा आवाज बदलला. तिसऱ्या दिवशी शंकरपाळे, मग सीताफळ, डबा ओला होता. पेढे जुने. आई आली. मामा उशिरा आला. मले पाणी पाहिजे."

तीन दिवसांचं सगळं, क्रमानं, एकही वाटी न सरकवता. ताई पाणी आणायला उठली तेव्हा रडत होती की हसत होती ते मला सांगता येणार नाही, कारण मी जमिनीकडे पाहत होतो.

पेढे मी सकाळीच घेतले होते असं माझं अजूनही म्हणणं आहे. मिठाईवाल्यानं फसवलं असेल.

पण भटजींच्या मुलीच्या डोक्यात भलतंच चाललं होतं. "थांब," ती भाचीला म्हणाली. "शिंगाडे होते हे तुले आधीच माहीत होतं? आमी तर हारलो होतो! सीताफळालेबी हारलो. त्या वकिलाच्या काकू कशा हसल्या आमाले!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, तो डबा तुमचा तुमच्याजवळ ठेवा. ते टिचकी आता आमाले द्या."

"म्हणजे?"

"आमी सगळ्या आधी ओळखू. हारलो, की मग मी टिचकी मारीन. मंग हे पोट्टी सांगीन."

एवढं साधं. मी महिनाभर तिला गप्प कसं बसवायचं ते शोधत होतो. या पोरीनं तिची बोलायची पाळी ठरवून दिली, आणि तीही सगळ्यांत शेवटची, मानाची. मी भाचीला म्हणालो, "आता भटजींच्या मुलीची टिचकीसुद्धा चालेल. आणि घरात टिचकी लागत नाही. कधीच लागत नाही. घरात केव्हाही बोलायचं." हे मी तीनदा सांगितलं, आणि पुढंमागं काही राहिलं नाही ना म्हणून मावशीकडून तपासून घेतलं.

"हं," भाची म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कोजागरी. दिवेलागणीला भाची ओट्यावर बसली, टिपऱ्या मांडीवर. ताई आत कणीक भिजवत होती. म्हणजे कणीक केव्हाच भिजली होती, ती नुसतीच हात चालवत होती. गल्लीच्या टोकाला मुलींचा आवाज आला. जवळ आला. आमच्या दारासमोर आला, आणि हसत खिदळत पुढे गेला.

ताईचे हात परातीत थांबले. मी उठून बाहेर जाणार होतो, मुलींना सांगणार होतो, समजावणार होतो. मावशीनं माझं धोतर धरून मला खाली बसवलं.

शेजारच्या दारात त्यांनी कोणाला तरी हाक मारली. तिला घेतलं. मग पावलं उलट वळली, आणि आमच्या दारात भटजींच्या मुलीचा आवाज आला, "चाल वं! कवाची बसली नुसती!"

भाची उठली. आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. दोन पायऱ्या उतरली. ताई परातीतून हात न काढता दाराकडे नुसती पाहत राहिली. आता माझ्यासारखा माणूस अशा वेळी गप्प बसेल होय? मी ओट्यावर येऊन सुरू झालो, "आणि हे पाहा, गाणं संपेपर्यंत थांबायचं, आणि टिचकीनंतर लगेच, आणि काकूंना नमस्कार..."

भाची वळली. परत दोन पायऱ्या चढून आली. माझ्या तोंडासमोर बोट धरलं.

"मामा, टिचकी नाही मारली."

मुली अशा हसल्या, की निंबावरचे बगळे उडाले. आत ताई हसली. मावशी तर पदर तोंडात कोंबून हसली. भाची हसली नाही. तिनं फक्त नियम सांगितला होता. आणि ती त्यांच्याबरोबर गेली. कोणी तिचा हात धरला नव्हता. सगळ्या जरा सैल चालत होत्या आणि मधे तिच्याइतकी जागा होती.

ती गेली आणि मी खरंच गप्प बसलो. थट्टा म्हणून सुरू केलं, मग आवडलं. ताई परात बाजूला सारून माझ्याजवळ येऊन बसली. टिपऱ्यांचा आवाज एका घरातून दुसऱ्या घरात जात होता, आणि मधे मधे, अगदी बारीक, टण्ण असा आवाज येत होता. प्रत्येक वेळी ताई मान थोडी वर करायची. मावशीनं माझी वही मागितली. मी न बोलता दिली. तिनं त्यातली पानं फाडून शेवंतीच्या बियांच्या पुड्या बांधल्या. चांगला जाड कागद होता.

तास-दीड तासानं मुली परत आल्या. भाची सरळ माझ्यापाशी आली, ओट्याच्या फळीवर बोटानं टिचकी मारली आणि म्हणाली, "मामा, बोल."

इतक्या वेळात मी बोलण्यासारखं पुष्कळ साठवलं होतं. त्यातलं काही आठवेना. विचारलं, "वकिलांच्या डब्यात काय होतं?"

"काही नाही," ती म्हणाली.

मला वाटलं, तिला सांगायचं नाही. पण भटजींची मुलगी पायरीवरून ओरडली, "खरंच काही नव्हतं, मास्तर! काकूनं रिकामा डबा वाजवला, आत नुसता खडा. खाऊ पदरात लपवला. आमी सगळ्या हारलो. मंग म्या टिचकी मारली, अन् हे म्हणे, 'काही नाही'. काकूचं तोंड पाहाले पाह्यजे होतं!"

भाची ताईच्या शेजारी जाऊन बसली, एक वीत अंतर सोडून. मूठ उघडली. घामेजलेली, चुरा झालेली करंजी होती. तिनं ती मधल्या वीतभर जागेत ठेवली.

"खोबरं ताजं," ती म्हणाली. टिचकी कोणीच मारली नव्हती.